साक्ष, मौन आणि वैनगंगेकाठचा एक खटला

साक्षीदाराची पारख त्याच्या प्रतिष्ठेवरून करावी की त्याच्या शब्दांवरून, हा प्रश्न पवित्र शास्त्राइतका जुना आहे. दानिएलच्या ग्रंथाच्या १३ व्या अध्यायातील सुसान्ना मोठ्याने ओरडली. तरीही लोकांनी विश्वास ठेवला तो दोन वडीलधाऱ्यांवर, कारण ते न्यायाधीश होते. दानिएलने दोघांना वेगळे करून ‘कोणत्या झाडाखाली?’ एवढेच विचारले. उत्तरे जुळली नाहीत आणि निर्दोष स्त्रीचे प्राण वाचले.

अड्याळ ज्या पवनी तालुक्यात आहे, तेथून वैनगंगा पुढे देसाईगंजकडे जाते. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार नोंदली गेली. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ साली तिला खोटारडी ठरवून दोन्ही पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना दोषी ठरवले. भीतीने निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, हे त्या निकालाचे सार होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत म्हणून प्रतिकाराची हकीकत अविश्वसनीय मानली आणि आरोपी सुटले.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर, ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे. सुनावणी बंद दाराआड होऊ लागली आणि पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा ठरले.

उशिराने केलेल्या तक्रारीचा प्रश्न उरलाच होता. शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथात अत्याचारग्रस्त तामारला तिचा सख्खा भाऊच गप्प राहण्यास सांगतो. घराण्याच्या अब्रूचे हे ओझे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पंजाबच्या गुरमीत सिंग खटल्यात ओळखले. केवळ विलंबामुळे साक्ष खोटी ठरत नाही, असे त्याने सांगितले. त्याआधी १९९० साली नागपूरच्याच एका खटल्यात, पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर दुसऱ्या पुराव्याचा आग्रह नको, असा निर्वाळा दिला होता. २००३ पासून तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून साक्ष खोडण्याची मुभाही गेली.

याचा अर्थ साक्ष पारखू नये असा नव्हे. खोट्या साक्षीने निरपराध मनुष्यही बळी जातो. सुसान्नेची कथा तेच सांगते. पण पारख शब्दांची व्हावी. मौनाची, जखमांची वा घराण्याच्या नावाची नव्हे.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकावरील अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे सर्वांवर बंधनकारक केले आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१९ साली धर्मगुरू व व्रतस्थांवर अशी माहिती धर्माधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन घातले. म्हणून प्रिय कुटुंबियांनो, एखादे लेकरू वर्षानंतर बोलू लागले, तर ‘इतके दिवस का बोलला नाहीस?’ हा आपला पहिला प्रश्न नसावा. आधी ऐकावे; पारखण्याचे काम न्यायालयाचे आहे.