घुमटामागून तीन शतकं

साष्टी (गोवा), 1736

लग्नघर आहे, तरी अंगण गप्प आहे. इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचा, हुकूम निघालाय. ख्रिस्ती झालेल्या घरांतल्या लग्नांत जुन्या चालीरीती पाळायच्या नाहीत, ओव्यासुद्धा गायच्या नाहीत. तुम्ही आत पाऊल टाकता तेव्हा चुलीपाशी बसलेली एक म्हातारी तुमच्याकडे दचकून बघते. तिच्या ओठांवरची ओवी तिथंच थांबते. गाणं घरातून हद्दपार करायचा हुकूम कसा दिसतो, तो हा असा.

साष्टी, 1880

त्याच तालुक्यातलं ख्रिस्ती घर, पण आता दिवाणखान्यात समया नाहीत, झुंबर आहे. स्त्रिया हातात पंखे घेऊन एका रांगेत, समोर पुरुषांची रांग. मांडो, म्हणजे गाण्याबरोबरचा संथ नाच, सुरू आहे. व्हायोलिनच्या शेजारी घुमत असलेला दुसरा आवाज तुम्हाला खेचून घेतो. वादकाच्या ते लक्षात येतं. मांडो संपताच तो गळ्यातली दोरी काढून घुमट तुमच्या गळ्यात अडकवतो.

भाजलेल्या मातीचं, दोन तोंडांचं भांडं. मोठ्या तोंडावर घोरपडीचं कातडं, काठाखाली दोरीनं करकचून आवळलेलं. बोट फिरवलंत की बारीक खवले लागतात. धाकटं तोंड उघडं. उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर थाप द्या. नाद खोल निघतो. आता डावा तळवा धाकट्या तोंडावर दाबा, नाद कोंडतो. तळवा थोडा उचला, तो पुन्हा मोकळा होतो. घुमटाची सगळी कला या डाव्या हातात आहे. तुमची थाप चुकते, पण कुणी हसत नाही. मांडोमागून येणारं दुलपद सुरू होतं, लय वाढते आणि घुमट त्याच्या धन्याकडे परत जातं.

गुंटूर, 1945

तेलुगू मुलखातल्या गावाबाहेरच्या मैदानात बुर्रकथा रंगलीय. मधला कथेकरी तंबुरा घेऊन नाचत गातोय. दोन्ही बाजूंचे साथीदार घुमटासारखंच ‘गुम्मेट’ वाजवत त्याला प्रश्न विचारतात, हुंकार देतात, टोले हाणतात. इथं हे वाद्य गोष्टीत बोलणारं पात्र आहे. बुर्रकथेचे कलाकार शेख नाझर यांनी याच कलेतून शेतकऱ्यांचं दुःख मांडलं. ब्रिटिश सरकारनं बुर्रकथेवर बंदीही घातली होती. गोव्यातून इकडं येताना वाटेत, कर्नाटकातल्या अंकोल्याच्या आसपास, हालक्की वक्कलिग समाजाच्या गाण्यातही तुम्ही ‘गुमटे’ ऐकलं होतंत.

फोंडा, 1960, भाद्रपद

माटोळीखाली, म्हणजे फळं-फुलं टांगलेल्या चौकटीखाली, गणपती बसलाय. अंगणात, ओसरीवर माणसं दाटलीत. दोन घुमटं, बारीक काठ्यांनी वाजणारं शामेळ आणि कांसाळं, म्हणजे झांजा. आरती सुरू होते ती मराठीत. बोलणं कोंकणीत, गाणं मराठीत, आणि यात कुणालाच काही वेगळं वाटत नाही. ठाय लयीतून आरती चढत जाते. घरातली लहान पोरं वादकांच्या डाव्या तळव्याकडे टक लावून बसलीत. घुमट शिकायचं ते असं, वादकाशेजारी बसून. फाल्गुनात हीच माणसं शिगम्याच्या सणात सुंवारी हा वादनाचा प्रकार वाजवतील.

डिचोली, 2019

चाकावरून मातीची घुमटं उतरतायत. कुंभाराच्या पडवीत ओलं कातडं पसरलंय, पण त्यावर खवले नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला मारायला बंदी आहे, म्हणून आता शेळीचं कातडं. काही जुने वादक कुरकुरतात. नाद थोडा बदललाय, हे खरं आहे. पण घोरपड जगली आणि घुमटही वाजतंय, हेही तितकंच खरं आहे. याच वर्षी गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली.

तीन शतकं फिरून आल्यावर माझं मत पक्कं आहे. घुमट कुठल्याही एका धर्माचं, जातीचं किंवा भाषेचं नाही, आणि म्हणूनच ते टिकलं. मान्यतेच्या कागदावर ते पुढं जगणार नाही; कुंभाराचं चाक आणि शिकणारे हात चालू राहिले तरच जगेल. तेव्हा घुमट घ्याल तर कुंभाराकडून, शेळीच्या कातड्याचंच घ्या. घोरपडीचं कुणी पुढं केलं तर ठाम नकार द्या. आणि घरी नेलंत की ते शोभेला ठेवू नका, वाजवायला शिका.