शेगडीचा श्वास

थंड देशांतील घरगुती शेगडी ही आम्हांस क्षुल्लक वस्तु वाटते. पण तिचाहि इतिहास आहे. १७४० च्या सुमारास अमेरिकेंत बेंजामिन फ्रँकलिननें उघड्या अग्निस्थानाऐवजीं लोखंडी शेगडी योजिली. उष्णता धुराड्यावाटें वायां जाऊं नये, हा तिचा हेतु. पुढें लांकूड व कोळसा दोन्ही जाळणाऱ्या शेगड्या निघाल्या. त्यांचें मर्म हवेच्या वाटेंत आहे. कोळशाला हवा जाळीखालून लागते. लांकूड राखेच्या थरावर, वरून येणाऱ्या हवेनें चांगलें जळतें. म्हणून कोळशाची राख वेळच्या वेळीं काढावी, नाहींतर जाळी तापून वांकते. लांकडाची मात्र थोडी राहूं द्यावी.

परंतु खरा धोका डोळ्यांना दिसत नाहीं. हवा अपुरी पडली किंवा धुराडें तुंबलें, म्हणजे रंग-गंधहीन कार्बन मोनॉक्साइड वायु खोलींत सांचतो. प्रख्यात फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला पॅरिसमधील आपल्या घरीं २९ सप्टेंबर १९०२ रोजीं याच वायूनें मरण पावला, पत्नी वांचली. धुराडें कोणीं मुद्दाम बुजविलें असावें, असा संशय पुढें अनेकांनीं बोलून दाखविला. तो खरा असो वा खोटा, वायूला हेतु ठाऊक नसतो.

२०१५ पासून इंग्लंडांत, घन इंधन जळणाऱ्या खोलींत या वायूचा इशारा देणारें यंत्र बसविणें खाजगी घरमालकांवर बंधनकारक झालें. परंतु यंत्र केवळ सूचना देतें. वाट मोकळी करीत नाहीं. वर्षातून एकदां तरी धुराडें झाडून घेणें आणि लांकूड पुरतें वाळवून मगच जाळणें, हें काम माणसाचेंच. ऊब हवी असेल तर धुराला वाट दिली पाहिजे, एवढेंच हा इतिहास आम्हांस सांगतो.