बॉयकॉट (क्रियापद)

बॉयकॉट हे इंग्रजी भाषेतील सकर्मक क्रियापद आहे. निषेध नोंदवण्यासाठी वा दबाव आणण्यासाठी एखादी व्यक्ती, संस्था किंवा माल यांच्याशी एकजुटीने संबंध तोडणे, असा त्याचा अर्थ होतो. नाम म्हणूनही हेच रूप चालते.

हा शब्द एका आडनावावरून आला. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२–१८९७) हा आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये कुळांना खंडात मागितलेली सूट मिळाली नाही, उलट जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या. तेव्हा लँड लीगच्या प्रेरणेने गडीमाणसांनी त्याचे काम सोडले आणि दुकानदारांनी माल देणे थांबवले. अखेर सैन्याच्या पहाऱ्यात बाहेरून पन्नास माणसे आणून पीक काढावे लागले. पहाऱ्याचा खर्च पिकाच्या किमतीहून कितीतरी अधिक झाला.

मराठीत यासाठी ‘बहिष्कार टाकणे’ हा प्रयोग रूढ असून लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत तो याच अर्थाने येतो. इंग्रजीतील कर्माला मराठीत ‘वर’ लागतो: मालावर, निवडणुकीवर बहिष्कार. ‘बहिष्कार’ शब्दाला मात्र जातीबाहेर काढण्याची जुनी छटा आहे. मेयोत कुळे सत्तेविरुद्ध उभी राहिली. वाळीत टाकताना जात किंवा गाव एकट्या कुटुंबाविरुद्ध उभे राहते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) या पाक्षिकाच्या नावात हाच दुसरा अर्थ आहे. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही त्याच प्रथेला गुन्हा ठरवतो.