संगणकावर घडलेला, फोनवर चालणारा कोड

क्रॉस-कंपाइलिंग म्हणजे प्रोग्राम ज्या यंत्रावर चालायचा, त्याचा मशीन कोड दुसऱ्याच यंत्रावर तयार करणे. आयफोनवर 2008 पासून अ‍ॅप याच पद्धतीने बनत आली. अँड्रॉइडने मात्र सुरुवात वेगळी केली. सप्टेंबर 2008 मधील पहिल्या आवृत्तीत अ‍ॅप जावात लिहायचे आणि ते डाल्विक या आभासी यंत्रावर चालायचे. प्रोसेसर कोणता, याची पंचाईत प्रोग्रामरला नको, असा त्यामागचा हिशेब. तो फार काळ टिकला नाही. खेळ, ध्वनी, व्हिडिओ यांना वेग हवा होता, आणि सी भाषेतल्या जुन्या, कसाला उतरलेल्या लायब्ररी जावात नव्याने लिहीत बसणे कुणालाच परवडणारे नव्हते.

जून 2009 मध्ये गूगलने एनडीके हा साधनसंच दिला. त्यात एआरएम प्रोसेसरसाठी कोड तयार करणारा जीसीसी कंपाइलर आणि मोजकीच हेडर होती. तयार झालेली लायब्ररी जेएनआय या जावा आणि सी यांना जोडणाऱ्या दुव्याच्या मार्गाने जावाच्या कोडला जोडली जाई.

कंपाइलर मिळाला तरी काम सोपे झाले नाही. जुन्या लायब्ररींच्या कॉन्फिगर स्क्रिप्ट एखादा छोटा प्रोग्राम बनवतात, तिथल्या तिथे चालवून पाहतात आणि त्यावरून पुढचे निर्णय घेतात. एआरएमसाठी बनलेला प्रोग्राम इंटेलच्या संगणकावर चालणार कसा? ती उत्तरे मग हाताने भरून द्यावी लागत. शिवाय अँड्रॉइडची सी लायब्ररी बायॉनिक ही आटोपशीर. लिनक्सवर गृहीत धरलेले पीथ्रेड-कॅन्सलसारखे फंक्शन तिच्यात नव्हतेच. एनडीकेच्या पाचव्या आवृत्तीत, 2010 च्या अखेरीस, स्वतंत्र टूलचेन बनवणारी स्क्रिप्ट आली आणि अशा लायब्ररी आणणे जरा सुसह्य झाले.

तोवर प्रोसेसरांची गर्दी सुरू झाली होती. 2011 मध्ये एक्स86, 2012 मध्ये मिप्स, 2014 मध्ये 64 बिटांचे प्रकार आले आणि एकूण सात प्रकार झाले. प्रत्येकासाठी वेगळी फाइल, म्हणून अ‍ॅपचा आकार फुगत गेला. मिप्सचे फोन बाजारात दिसत नसतानाही त्याचा भार वाहणे निरर्थकच होते. 2018 मध्ये मिप्सचे दोन्ही प्रकार आणि जुना एआरएम वगळून चार उरले. त्याच वर्षी जीसीसीही गेला, त्याच्या जागी क्लँग एकटा राहिला. सी प्लस प्लसच्या परस्परांशी न जुळणाऱ्या प्रमाण लायब्ररींपैकीही एकच शिल्लक ठेवली गेली.

1 ऑगस्ट 2019 पासून गूगल प्लेवर नेटिव्ह कोडची 64 बिटांची आवृत्ती सक्तीची झाली. नोव्हेंबर 2025 पासून अँड्रॉइड 15 वा त्यापुढच्या आवृत्तीला लक्ष्य करणाऱ्या अ‍ॅपसाठी 16 किलोबाइटच्या मेमरी-पानांचा नियम आला. 4 किलोबाइटच्या हिशेबाने जोडलेल्या लायब्ररी त्यासाठी पुन्हा लिंक कराव्या लागतात. एनडीकेची अठ्ठाविसावी आवृत्ती हे आपोआप करते. पण ज्या तयार लायब्ररीचा मूळ कोड हाताशी नाही, तिच्यासाठी निर्मात्याकडून नवी प्रत मिळवावी लागते, नाहीतर ती बदलावी लागते.