परळ ते नायगाव : पायांनी वाचायचा इतिहास

मुंबई दाखवायला निघालेला माणूस पाहुण्याला कुठे नेतो? गेटवे, राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह. २०१८ मध्ये युनेस्कोने याच पट्ट्यातल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला. इमारतींशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते त्या दाखवताना जे गाळले जाते त्याच्याशी. काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या कमानी कौतुकाने दाखवल्या जातात. पण याच कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला तिथला हॉटेलवाला चहा देत नव्हता, पाणी देत नव्हता, हे कोण सांगतो? पुढे तोच विद्यार्थी परदेशात शिकून आला आणि सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाला, तेव्हाही पाण्याच्या माठावरून सहकाऱ्यांची कुरकुर झालीच.

म्हणून मित्रांनो, आम्ही रविवारी वेगळी मुंबई फिरतो. लोकलचे तिकीट, वडापावापुरते पैसे आणि दोन पाय एवढ्यावर ती फिरता येते. बाबासाहेबांची मुंबई मुख्यतः परळ, भायखळा, नायगाव, दादर या भागांतली. पण आम्ही सुरुवात करतो चर्नी रोडपासून.

चर्नी रोड स्टेशनजवळच्या बागेला आज स. का. पाटील उद्यान म्हणतात. शाळकरी भीमराव या बागेत येऊन वाचत बसायचा. का? तर घरी जागा नव्हती. लोअर परळच्या डबक चाळीत सुभेदार रामजींचे कुटुंब एका खोलीत राहत होते. स्वयंपाक तिथेच, सामान तिथेच, झोपणेही तिथेच. उशाला जाते आणि पायथ्याशी बकरी, अशा जागेत मुलगा झोपायचा. रात्री दोनपर्यंत बाप जागा राहायचा, दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवायचा आणि मग स्वतः आडवा व्हायचा. खोली एकच असली की वेळेचीही अशी वाटणी करावी लागते.

बागेत रोज वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. ओळख झाली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले. १९५६ च्या नागपूरकडे जाणाऱ्या वाटेवरचा एक जुना थांबा म्हणजे ही बाग. आज तिथे जोडपी बसतात, पेन्शनर चकरा मारतात. या ओळखीची गोष्ट आम्ही सोबतच्या पोरांना तिथेच बाकावर बसून सांगतो.

तिथून भायखळा. बाबासाहेब आणि रमाई यांचे लग्न भायखळ्याच्या बाजारात लागले. कार्यालय नाही, मांडव नाही. दिवसभराचा बाजार उठला, विक्रेते निघून गेले आणि त्या उघड्या छपराखाली रात्री वऱ्हाड बसले. एका कोपऱ्यात नवरदेवाकडचे, दुसऱ्या कोपऱ्यात नवरीकडचे. पहाटे बाजार भरायच्या आत जागा मोकळी करून द्यायची होती. आजही भायखळ्याला बाजार भरतो. भाजीच्या पाट्या, हमालांची "बाजूला, बाजूला" अशी हाकाटी आणि पायाखालचा चिखल. आमच्यासोबतच्या एका मुलीने तिथे विचारले, "मग पाहुणे बसले कशावर?" बाजारातल्या ओट्यांवर, बाई. दगडाच्या ओट्यांवर.

आता परळ. इथे खरी शोधाशोध होते. "बीआयटी चाळ कुठे?" असे विचारत निघालेली नवखी पोरे हमखास मुंबई सेंट्रलला किंवा आग्रीपाड्याला जाऊन पोचतात. कारण बीआयटी चाळी एका ठिकाणी नाहीत. १८९६ च्या प्लेगने शहर हादरले, त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने ठिकठिकाणी चाळी बांधल्या. आपली चाळ परळची, दामोदर हॉलजवळची, पहिल्या नंबरची. दुसरा मजला, खोली क्रमांक ५० आणि ५१. १९१२ च्या सुमारापासून १९३४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ २२ वर्षे, बाबासाहेबांचे घर इथे होते. कोलंबिया आणि लंडन इथूनच झाले. महाडचे चवदार तळे आणि गोलमेज परिषद याच पत्त्यावरून झाली. रमाईने नवऱ्याच्या गैरहजेरीत काटकसरीने ओढलेला संसार आणि चार लेकरांचे मरण, तेही याच वर्षांतले. छत्रपती शाहू महाराज बाबासाहेबांना भेटायला परळच्या चाळीत आले होते. राजाने चाळीचा जिना चढणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

या चाळीपासून चालत जाता येईल अशा टप्प्यात चळवळीचा पाया घातला गेला आहे. 'मूकनायक'चे कार्यालय पोयबावडीत होते. दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ ला बैठक झाली आणि त्यातून २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध गिरणगाव बंद पडले, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे बाबासाहेब आणि कम्युनिस्ट डांगे कामगार मैदानावर एका व्यासपीठावर होते. आणि परळच्याच नरे पार्कवर २४ मे १९५६ च्या बुद्ध जयंतीला बाबासाहेबांनी जाहीर केले की ऑक्टोबरमध्ये आपण धम्म स्वीकारणार. ज्या मैदानावर ही घोषणा झाली तिथे आपली पोरे क्रिकेट खेळतात. जरूर खेळावे. फक्त आपण कुठे खेळतो आहोत हे त्यांना ठाऊक असावे.

इथे एका लाडक्या समजुतीचा समाचार घेणे भाग आहे. मराठी नाटक-सिनेमात चाळ म्हटली की गॅलरीतल्या गप्पा, गणपती, दिवाळीचा फराळ, सगळे एका कुटुंबासारखे. असेलही कुणाचे. आमच्या वाट्याची चाळ वेगळी होती. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीत १२. १६० चौरस फुटांच्या खोल्या सरकारच्या, मोजमाप सगळ्यांना सारखे. पण कोणती चाळ बौद्धांची आणि कोणती सवर्णांची हे वरळीत शेंबड्या पोराला ठाऊक असायचे. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर जे घडले ते याच वाटणीच्या रेषेवर घडले. पोलिसांच्या गोळीने रमेश देवरुखकर गेले. पाच दिवसांनी, १० जानेवारीला, परळमध्ये पँथरच्या मोर्चावर इमारतीवरून दगड पडला आणि भागवत जाधव शहीद झाले. 'एका कुटुंबासारखी चाळ' म्हणणाऱ्यांनी ही दोन नावे आधी वाचावीत.

आता या चाळी पाडल्या जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. काही कार्यकर्ते म्हणतात, चाळी राखा, त्या आपला इतिहास आहेत. आम्हाला हे पटत नाही. शंभर वर्षे सामाईक संडासाच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसांना 'इतिहास जपा' सांगणारे आपण कोण? घर मिळालेच पाहिजे. पण पहिल्या नंबरच्या चाळीतल्या त्या दोन खोल्यांचा प्रश्न वेगळा आहे, तिथे तडजोड नाही. आणि टॉवरखालच्या चौकांची, मैदानांची नावे काय ठेवली जातात त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागेल. नावे रातोरात बदलतात, हे या शहराने अनेकदा दाखवले आहे.

परळहून दादर पूर्व. हिंदू कॉलनीतले 'राजगृह'. बाबासाहेबांनी हे घर बांधले ते आधी पुस्तकांसाठी, मग माणसांसाठी. नाव ठेवले मगधाच्या राजधानीचे. वस्ती बहुतांशी ब्राह्मणांची, कॉलनीचे नाव 'हिंदू', आणि १९३६ साली जातिसंहारावरच्या न झालेल्या भाषणाच्या छापील प्रस्तावनेखाली पत्ता पडला तो इथला : राजगृह, दादर. त्याच्या आदल्या वर्षी, २७ मे १९३५ ला, रमाईने याच घरात शेवटचा श्वास घेतला. ७ जुलै २०२० ला याच घरावर हल्ला होऊन काचा आणि कुंड्या फुटल्या. तेव्हा मोबाइलवर संताप व्यक्त करणाऱ्यांपैकी किती जणांनी राजगृह प्रत्यक्ष पाहिले होते? आम्ही हा प्रश्न सोबतच्या पोरांना विचारतो. हात फार थोडे वर होतात.

राजगृहापासून नायगाव चालत जाण्यासारखे आहे. ३० आणि ३१ मे १९३६ ला तिथे मुंबई इलाखा महार परिषद भरली आणि धर्मांतर का करायचे याची तपशीलवार मांडणी बाबासाहेबांनी त्या मांडवात केली. येवल्याची घोषणा सगळ्यांच्या तोंडपाठ आहे. नायगावचे भाषण लांब आहे, मुद्देसूद आहे, म्हणून ते वाचले कमी जाते. आम्ही ते आळीपाळीने मोठ्याने वाचतो. निम्मे झाले की कुणीतरी चहा आणतो.

शेवटी गोकुळदास पास्ता रोड. इथले आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस २५ जून २०१६ च्या पहाटे, शहर झोपेत असताना, पाडले गेले. त्या प्रेसचे नाव 'प्रबुद्ध भारत'शी जोडलेले. पुढच्या महिन्यात १९ जुलैला मुंबईत जो मोर्चा निघाला त्यात पावसात भिजत चाललेली कितीतरी पोरे पहिल्यांदाच रस्त्यावर उतरली होती. त्यातली काही आज आमच्यासोबत रविवारी फिरतात. पाडलेल्या जागेसमोर ती उभी राहतात तेव्हा त्यांना काही सांगावे लागत नाही, उलट तीच आम्हाला सांगतात, आपण कुठल्या बाजूने आलो होतो आणि पोलीस कुठे उभे होते.

पुढची फेरी शिवडीच्या बीडीडी चाळींची. सकाळी आठला शिवडी स्टेशनबाहेर, हार्बर लाइन. छत्री आणा, पाण्याची बाटली आणा, आणि ज्याच्याकडे खैरमोड्यांच्या चरित्राचा पहिला खंड असेल त्याने तो पिशवीत टाकावा. जयभीम.