शार्कांचा मांत्रिक आणि सरकारी पगार

मन्नारच्या आखातात मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे दगडाच्या भाराने तळाशी जात. त्या क्षणभराच्या बुडीत त्यांना मोठे भय असे ते शार्क माशांचे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तेथील वृत्तान्त देताना मार्को पोलो सांगतो, की या माशांना मंत्राने बांधणाऱ्या ब्राह्मणांना मोत्यांचा विसावा हिस्सा द्यावा लागे.

पुढे राज्ये बदलली, मांत्रिक मात्र राहिला. सिलोनचे माजी वसाहत-सचिव एमर्सन टेनंट यांच्या १८५९ सालच्या ग्रंथानुसार, हा 'कडल-कट्टी' इंग्रज सरकारचा पगारी नोकर होता. शिवाय दर नावेमागे रोज दहा शिंपले त्याच्या हक्काचे असत. तेव्हाचा मांत्रिक ख्रिस्ती होता. पण त्यामुळे त्याच्या मंत्राची मातबरी उणावली नव्हती. इंग्रजी अमलात शार्कमुळे घडलेला अपघात मात्र एकाहून अधिक ज्ञात नव्हता!

संकट विरळ, परंतु भय नित्याचे. पाणबुडा भ्याला की महसूल बुडाला, हे प्रत्येक राजवटीने ओळखले होते. म्हणून तिने पगार मोजला तो पाणबुड्याच्या धैर्यासाठी. प्राण मात्र पणाला लागत ते त्या पाणबुड्याचेच.