डिप्लोमावाले

परवा ऑफिसात जेवताना बारावीच्या मार्कांचा विषय निघाला. मला विचारलं तर मी म्हटलं, मी बारावी केलीच नाही! दोघंतिघं घास हातात धरून बघत राहिले. मग सगळं सांगावं लागलं: दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर. हिशोब केला तर वर्षं तेवढीच. दोन अधिक चार काय आणि तीन अधिक तीन काय, सहाच.

आमच्या वऱ्हाडात हा रस्ता नेहमीचा. दहावीचा निकाल लागला की घरातलं कुणीतरी म्हणणारच, "बारावीत अटकला तं काय करशीन? डिप्लोमा कर, हाताले काम तं भेटीन." त्या रात्री घरी आल्यावर म्हटलं, हा रस्ता बांधला तरी कुणी, ते बघू.

अमरावतीचं सरकारी पॉलिटेक्निक १९५५ चं. म्हणजे महाराष्ट्रापेक्षाही जुनं! तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आलं १९६४ मध्ये. एक गाडगेनगरात, दुसरं कठोरा नाक्याजवळ, पायी जाण्याइतकं अंतर. पण कागदोपत्री दोन वेगळी जगं. डिप्लोमाची परीक्षा १९६३ मध्ये स्थापन झालेल्या तंत्रशिक्षण मंडळाकडे, म्हणजे मुंबईला. डिग्री नागपूर विद्यापीठाची. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ वेगळं झालं, त्याच वर्षी शेगाव, बडनेरा, पुसदला खाजगी कॉलेजं निघाली. जागा वाढल्या, विद्यापीठ घराजवळ आलं. पण डिप्लोमाचा सिलॅबस एका टेबलावर आणि डिग्रीचा दुसऱ्या, हे काही बदललं नाही.

ज्यांना नोकरी सोडणं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी ए.एम.आय.ई. होतं. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० ची संस्था. तिच्या सेक्शन ए आणि बी या परीक्षा पास झालं की डिग्रीच्या बरोबरीचं मानलं जायचं. दिवसा साइट, रात्री पुस्तकं. कॉलेज नाही, प्रॅक्टिकलचा पार्टनर नाही, काही नाही. २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना ती बरोबरीही मिळेनाशी झाली.

डायरेक्ट सेकंड इयर त्यामानाने फारच सोयीचं. मंजूर जागांच्या वर दहा टक्के डिप्लोमावाल्यांसाठी, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा. मीही असाच आत शिरलो. पण प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत सेमिस्टर निम्मं सरलेलं. पहिल्या दिवशी वर्गात गेलो तर फळ्यावर एम-थ्री, लाप्लास ट्रान्सफॉर्म. एम-वन आणि एम-टू झालेलं पहिल्या वर्षात, जे आम्ही पाहिलेलंच नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, हे तुम्हाला यायला पाहिजे. कुठून यायला पाहिजे ते मात्र कुणी सांगेना. आणि गंमत म्हणजे लॅबमध्ये सीआरओ कसा लावायचा हे आम्हाला पुन्हा शिकवलं! तीन वर्षं तेच तर करत होतो, राव. जे येत नव्हतं ते आलंय असं धरलं, आणि जे येत होतं ते नव्याने गिरवायला लावलं.

अमेरिकेत हा प्रकार फार जुना. तिथलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ चं. कॅलिफोर्नियाने १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये लिहूनच टाकलं की विद्यापीठांनी पहिल्या दोन वर्षांत ४० टक्के आणि पुढच्या वर्षांत ६० टक्के मुलं ठेवावीत, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांना जागा राहील. पण मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या याद्या. इथला अमुक कोर्स म्हणजे तिथला तमुक, हे दोन्हीकडचे प्राध्यापक बसून ठरवतात, आणि मुलाला ते प्रवेशाच्या आधीच कळतं. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस आधी ठरलेला. आपण जागा दिल्या, इंटरफेस राहून गेला.

अमरावतीत तर हे करणं सोपं होतं. ती दोन्ही सरकारी कॉलेजं पुढे स्वायत्त झाली, कठोरा नाक्याजवळचं २००५ मध्ये. स्वायत्त म्हणजे सिलॅबस आपला आपण ठरवायचा. २०२१ मध्ये यूजीसीने क्रेडिट बँकेचे नियम काढले, म्हणजे क्रेडिट साठवायची आणि दुसरीकडे न्यायची सोयही झाली. पण नेलेलं क्रेडिट तिकडे कशाच्या बदल्यात धरायचं, हे शेवटी दोन विभागांनी समोरासमोर बसूनच ठरवायचं असतं. बँक ते नाही ठरवत.

असो. माझा एम-थ्री सुटला तो रूममेटमुळे. तो अकोल्याचा, बारावीवाला, गणितात पक्का. पण सोल्डरिंग गन हातात घेतली की पोळून घ्यायचा. रोज रात्री मेसवरून आलो की एक तास तो मला इंटिग्रेशन शिकवायचा, एक तास मी त्याला ८०८५ चं किट. तिसऱ्या प्रयत्नात ४२ मार्क पडले.